घटातलं धान पिवळं का? शाळेच्या परसबागेतला अभ्यास

नवरात्रात घरोघरी घट बसतो. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती, तिच्यात गहू, ज्वारी, मूग, ज्या घरची जी रीत असेल ते धान्य, मधोमध घट आणि रोजचं शिंपडलेलं पाणी. नवव्या माळेपर्यंत धान वीतभर होतं आणि दसऱ्याला ते टोपीत नाहीतर कानावर खोवलं जातं. अशाच एका दसऱ्यानंतर तिसरीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, शेतात उगवलेलं हिरवं असतं, मग घटातलं पिवळं का?"

"देवघरात ऊन येत नाही म्हणून," मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं, आणि विषय तिथेच संपला. मुलगी खाली बसली. बरोबर उत्तर देऊन प्रश्न कसा मारायचा, हे आम्हा शिक्षकांना छान जमतं.

चार दिवसांनी मला राहवलं नाही. दोन करवंट्यांत माती भरून गहू पेरला. एक करवंटी खिडकीत ठेवली, दुसरी पुठ्ठ्याच्या खोक्याखाली. दोन्हींना पाणी सारखंच. आठवड्यानं खोकं उचलायच्या आधी सगळ्यांना पैज लावायला सांगितली. जवळजवळ पूर्ण वर्गाचं मत पडलं की अंधारातला गहू मरून गेला असणार. खोकं उचललं तर तो खिडकीतल्या गव्हापेक्षा उंच! पिवळाफटक, लुळा, पण उंच. वर्गात गलका झाला. तोच प्रश्न पुन्हा आला, पण आता तो एका मुलीचा राहिला नव्हता, सगळ्यांचा झाला होता.

यामागचं विज्ञान तिसरीला कळेल असं सांगता येतं. प्रत्येक बी आपल्यासोबत शिदोरी घेऊन येतं. आपण गव्हाचं पीठ म्हणून खातो ती मुळात त्या कोंबाची शिदोरी. कोंबाला उजेड मिळाला नाही तर त्याला वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत. मग तो पानं रुंद करत नाही, हिरवा रंग बनवत नाही, सगळी शिदोरी उंच होण्यात घालतो, कारण वर कुठेतरी ऊन असेल. हिरवं द्रव्य म्हणजे उन्हावर स्वयंपाक करायची चूल. ऊन नाही तर चूल मांडून काय करायचं? शिदोरी संपेपर्यंत ऊन सापडलं तर रोप जगतं, नाहीतर मान टाकतं. आम्ही खोक्याखालची करवंटी खिडकीत ठेवली, तर दोन दिवसांत तो गहू हिरवा व्हायला लागला.

त्या मुलीनं घरी जाऊन आजीला हे सगळं ऐकवलं. आजीचं म्हणणं, देवीचं धान पिवळंच शोभतं. दोघी आपापल्या जागी बरोबर.

परसबाग मला अशा ठिकाणी उपयोगी वाटते. ती पाठ्यपुस्तकाला जोडलेलं सुशोभन नव्हे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जे एका ओळीत असतं, ते तिथे सहा आठवडे चालतं आणि मध्येच बिघडतंही.

आता बियांकडेच जरा थांबू, कारण लहान मुलांसाठी सगळ्यात जास्त माल तिथेच आहे. ओल्या गोणपाटावर 100 बिया दहा-दहाच्या ओळीत मांडायच्या, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोड आलेल्या मोजायच्या. शेतकरी पेरणीआधी हेच करतो. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी, असा प्रमाणित बियाण्याचा निकष आहे. 2020च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यात ठिकठिकाणाहून आल्या, तेव्हा कितीतरी घरांत दुबार पेरणीची पाळी आली. अशा घरातल्या मुलाला शेकडेवारी शिकवताना "एका दुकानदाराकडे 100 पेन होते" हे उदाहरण कशाला? त्याच्यासमोर 100 दाणे ठेवा आणि 63 उगवले तर पेरायचं का, किती जास्त बी टाकायचं, हे विचारा.

मग मूग आणि हरभरा शेजारी शेजारी पेरा. मूग उगवताना डाळीच्या दोन्ही फाका पाठीवर घेऊन जमिनीच्या वर येतो. हरभऱ्याच्या फाका मातीतच राहतात, वर येतो तो नुसता कोंब. दोन्ही कडधान्यंच, तरी शिदोरी ठेवायची तऱ्हा वेगळी. वाल आणि चवळी मुगासारखे, तूर हरभऱ्यासारखी. कोणाची शिदोरी वर आणि कोणाची खाली, याची यादी मुलं स्वतः करतात. घरातले डबे उघडून नवीन नवीन बिया आणतात. एकानं साबुदाणा आणला होता. तो उगवला नाही, आणि का नाही यावर अख्खा तास गेला.

धणे पेरायचे तर आधी पायताणानं किंवा लाटण्यानं रगडून दोन फाका करायच्या, हे मुलांच्या आयांना माहीत असतं. एक धणा म्हणजे जोडीनं राहणाऱ्या दोन बिया, हे मात्र फोडून पाहिल्याशिवाय पटत नाही. आणि बी किती खोल पेरायचं, तर त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट. आमच्याकडे एकानं मेथी बोटभर खोल गाडली. "खोल गेली की पडत नाही, बाई." तर्क चांगला होता. मेथीच्या इवल्याशा दाण्याची शिदोरी तेवढ्या वाटेला पुरत नाही, हे त्याला पंधरा दिवसांनी रिकामा वाफा उकरताना समजलं. मी त्याला पेरतानाच अडवू शकले असते. अडवलं नाही, हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं शिकवणं.

मुलांच्या हातून रोपं मरतात ती बहुतेक पाण्यानं, आणि तीही पाणी कमी पडून नाही. झारी हातात आली की ती रिकामी होईपर्यंत थांबवत नाही. "बाई, रोज पाणी दिलं, तरी मेली." इथे मराठीतला एक शब्द कामाला येतो, वाफसा. मातीच्या कणांमध्ये फटी असतात. त्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा, दोन्ही असली की माती वाफशावर आली म्हणायचं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात आणि रोप पाण्यात उभं राहून कोमेजतं. वाफसा ओळखायची रीत कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा झालाच नाही तर पाणी द्यायला हवं. गोळा झाला तर तो कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा आहे, थबकन चपटा झाला तर पाणी जास्त झालं. झारीला हात लावायच्या आधी गोळा टाकून बघायचा, एवढा एक नियम केला आणि आमची निम्मी मर थांबली.

मातीचा दुसरा धडा बरणीत होतो. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि टेबलावर ठेवून द्यायचं. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर काही तासांत पोयटा, म्हणजे बारीक गाळ, आणि चिकणमातीचं गढूळ पाणी निवळायला दिवस-दोन दिवस लागतात. घाटावरची काळी माती बरणीला बराच वेळ काळंच ठेवते. चिकणमाती जास्त म्हणून ती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. कोकणातल्या मामाकडून आणलेल्या जांभ्याच्या तांबड्या मातीची बरणी तिच्याशेजारी ठेवा. "आपल्याकडे भात का नाही, त्यांच्याकडे कापूस का नाही?" या प्रश्नाची सुरुवात इथून होते. उत्तरात पाऊसही येतो, पण तो नंतर.

खताचा खड्डा हा मात्र सगळ्यांच्या आवडीचा विषय नाही. काही पालक विचारतात, पोरांना कचऱ्यात हात घालायला शाळेत पाठवलं का? या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. गावात कुणाच्या वाट्याला कोणतं काम आलं, याला मोठा इतिहास आहे, आणि शेण उचलायला किंवा झाडायला नेहमी तीच तीच मुलं पाठवली जात असतील तर परसबाग तोच इतिहास पुढे चालवते. आमच्याकडे पाळ्यांचा तक्ता फळ्याशेजारी लावलेला असतो. त्यात सरपंचांचा नातू असतो, मीही असते, आणि कुणाचीही पाळी दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

खतात काय चालतं ते थोडक्यात असं. डोळ्यांना न दिसणारे जीव पालापाचोळा खातात. त्यांना दोन गोष्टी लागतात. सुक्या पानांत, काडीकचऱ्यात कर्ब (कार्बन) असतो, त्यातून त्यांना ताकद मिळते. हिरव्या पाल्यात, भाजीच्या देठांत, शेणात नत्र (नायट्रोजन) असतं, त्यातून त्यांचं अंग वाढतं. कर्ब नत्राच्या 25 ते 30 पट असला की काम झपाट्यानं होतं. मोजताना मात्र सरळ घमेली मोजायची, दोन घमेली सुकं, एक घमेलं हिरवं. हिरवं जास्त झालं तर घाण वास येतो, सुकं जास्त झालं तर ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी. आठवड्यातून एकदा खाली-वर करायचं. शिजलेली, तेलातली खिचडी घालायची नाही, उंदीर-घुशी येतात.

ढिगात लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढा आणि मुलांना हात लावू द्या. सळई कोमट लागते. मोठ्या ढिगाचं तापमान 55-60 अंशांपर्यंतही जातं, तेव्हा आधी तुम्ही लावून बघा. "आत कोण तापवतंय?" याला उत्तर म्हणून मी फक्त म्हणते, तुम्ही जेवल्यावर तुमचं अंग गरम असतंच की. दोन-तीन महिन्यांनी खत तयार होतं तेव्हा त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. हा योगायोग नाही. मातीतले काही जिवाणू जे द्रव्य बनवतात, तोच मृद्‌गंधाचा मोठा भाग असतो, आणि तेच जिवाणू मुरलेल्या खतातही असतात.

प्लास्टिकबद्दल मी भाषण देत नाही. जुन्या जाळीदार पिशव्यांमध्ये केळ्याचं साल, वडाचं पान, वहीचा कागद, सुती चिंधी आणि बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन घालून एकाच खड्ड्यात पुरतो, वर खुणेची काठी. दोन महिन्यांनी उकरतो. साल सापडतच नाही, कागदाचा लगदा झालेला असतो, वेष्टनावरचा किमतीचा छापही वाचता येतो. ते आम्ही परत पुरतो. पुढच्या वर्गानं उकरायचं.

एक प्रसंग मुद्दाम सांगते, कारण तो दरवर्षी घडतो. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर अळ्या दिसतात. आधी त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढतात आणि वास सोडतात. वर्गात दोन तट पडतात. एकाला चिरडायच्या असतात, कारण पानं आपली आहेत. दुसऱ्याला वाचवायच्या असतात, कारण पुस्तकात फुलपाखरू छान दिसतं. 2015 साली महाराष्ट्रानं नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं. फुलपाखराला असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या नीलवंताच्या अळ्यासुद्धा लिंबूवर्गातल्या झाडांचीच पानं खातात. म्हणजे राज्याचं फुलपाखरू हवं तर कुणाच्या तरी लिंबाची पानं कुरतडली जाणार. आमच्या मुलांनी तोडगा काढला की एक रोप अळ्यांचं, बाकीची आपली, आणि आपल्या रोपांवरची अळी उचलून तिच्या रोपावर सोडायची. शाश्वत विकास हा जड शब्द मी त्या दिवशी उच्चारला नाही. लागला नाही.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आला तर फवारणी करायच्या आधी आठवडाभर थांबून बघा. ठिपक्यांचे लाल भुंगे आले तर ते आणि त्यांची पिल्लं मावा फस्त करतात. विषारी औषध शाळेच्या वाफ्यात नकोच, कारण तिथली भाजी थेट मुलांच्या ताटात जाते.

ताटाचाही हिशोब एकदा मांडून बघू. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला 75 ग्रॅम. 60 मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला 3 किलो भाजी झाली. एक चौरस मीटरच्या चांगल्या वाफ्यात महिन्याभरात साधारण किलोभर मेथी निघते. म्हणजे एका दिवसाच्या भाजीला तीन वाफे आणि एक महिना. महिन्याचे 22 दिवस धरले तर 66 वाफे, तेही एकही न फसता. हा हिशोब चौथीची मुलं करतात आणि हबकतात. परसबागेनं शाळेची भाजी भागेल असं कुणी सांगत असेल तर त्यांना हे गणित घालावं. बागेतली भाजी आठवड्यातून एखाद्या दिवशी खिचडीत पडते, आणि त्या दिवशी पालक उष्टा राहत नाही, कारण तो कुणी लावला ते सगळ्यांना माहीत असतं. शेतकऱ्याला किलोभर मेथीचे किती मिळतात, हा पुढचा प्रश्न मुलांनीच काढला. त्यावर मी अजून बरोबर उत्तर देऊ शकलेले नाही.

पाण्याचं गणितही असंच हाताला लागतं. सरळ उभ्या भिंतींची बाटली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला, तळाचा वाकडा भाग खडे आणि पाण्यानं भरून तिथे शून्याची खूण केली की पर्जन्यमापक तयार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वर्गाचं छत 10 मीटर बाय 6 मीटर असेल आणि 20 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर 1,200 लिटर पडलं, 20 लिटरचे 60 हंडे. ज्या घरांत चैत्र-वैशाखात हंड्यासाठी पायपीट होते, तिथलं मूल या आकड्यापाशी थांबतं. जेवणाआधी हात धुतात ते पाणी आम्ही चर काढून केळी, अळू आणि कर्दळीकडे नेलं आहे. साबणाचं पाणी त्या झाडांना चालतं, पालेभाजीवर सोडायचं नाही.

बागेत काम करून शिकायची ही कल्पना कुणी आज शोधलेली नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हाताच्या कामातून शिक्षण, याच पायावर उभी होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, म्हणून ती कुरणशाळा. सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आणि शाळांतल्या पोषण बागांसाठी केंद्राच्या सूचना 2019 साली आल्या. कागद पुष्कळ आहेत.

अडतं ते वेळापत्रकाशी. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो, 1973 पासून. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते! शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात आणखी उशिरा. मग जुलैत रोपं येतात, फोटो निघतो, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार हे कुणी विचारत नाही. मी पाहिलेली एक बाग तपासणीच्या आदल्या रात्री नर्सरीतून आणून रोवली होती, पिशव्यांसकट. त्या मुलांना काय शिकायला मिळालं ते सांगायला नको.

म्हणून आमची बाग सुट्ट्या बघून लागते. शाळा उघडली की भेंडी, गवार, चवळी आणि कुंपणावर दुधी. भेंडी दीड महिन्यात तोडायला येते, दिवाळीच्या सुट्टीआधी बरंचसं आटोपतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, शाळा सुटल्यावर, म्हणून नर आणि मादी फूल ओळखायचा अभ्यास घरी करून यायचा. मादी फुलाच्या देठाशी इवलासा दुधी असतो. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वाल. मेथीचं एक रोप मुळासकट उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडायच्या. आत गुलाबी दिसलं की हवेतलं नत्र धरून ठेवणारे जिवाणू कामावर आहेत. मार्चमध्ये वाफे रिकामे करून वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाकायचं आणि माती झोपू द्यायची. मे महिन्यात जगवायची फक्त मोठी झाडं, आणि त्यांच्या पाण्याची पाळी शाळेशेजारी राहणाऱ्या मुलांची.

कुंपणावरचा एक दुधी आम्ही तोडत नाही. तो वाळून लाकडासारखा होतो आणि हलवला की खुळखुळतो. एप्रिलमध्ये, परीक्षा झाल्यावर, तो फोडतो. मुलं बिया मोजतात, दोनदा चुकतात, वाळवतात, राखेत घोळून बाटलीत भरतात. बाटलीवरची चिठ्ठी तिसरीच्या अक्षरात असते आणि तिच्यावर नाव जूनमध्ये तिसरीत येणाऱ्या वर्गाचं असतं.